रंग धुतलास का?

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. साष्टांग नाही. एक तर माझी पाठ धरलीय, आणि दुसरं म्हणजे मी अजून रागावलेली आहे. तीन वर्षं झाली, राग निवला असेल, असल्या भ्रमात राहू नकोस.

हे पत्र माफीचं नाही, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला शेवटच्या ओळीपर्यंत आशेने वाचायला नको. परवा वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "तुझा विषय निघाला की हे उठून दुकानाचं कुलूप बघून येतात. काल चार वेळा बघून आले." म्हणजे घरात दिवसाला चार वेळा माझा विषय निघतो, एवढं मला कळलं. पुढे म्हणाली, "फोनवर ते यायचे नाहीत. तू कागद पाठव. कागद दिसला की त्यांना राहवत नाही. औषधाच्या खोक्यात घडी घातलेली चिठ्ठी असते ना, तीसुद्धा पूर्ण वाचतात." तेव्हा ही चिठ्ठी. दुष्परिणाम तुझे तू बघ.

तू मला शेवटचं जे विचारलंस ते म्हणजे, "तू करतेस तरी काय नक्की?" तेव्हा मी दार आपटून निघून गेले होते. आज उत्तर देते. पण त्याआधी त्या दिवसाचं एकदा स्पष्ट होऊ दे. नाट्यगृहाचे मॅनेजर पडदा रंगवायचं काम द्यायला तुझ्या दुकानात बसले होते. तू त्यांना डाळिंबी रंगाचा तुकडा दाखवलास. मी नवीकोरी डॉक्टरेट घेऊन आले होते, पिशवीत प्रयोगशाळेतली पाण्याची बाटली होती. म्हटलं, "बघू, रंग पक्का आहे का." पाणी मारलं, वर पांढरा रुमाल दाबला, आणि रुमाल लाल झाला. ही परीक्षा माझी नाही, बाबांची आहे. रंग आला म्हणून रंग आला असं म्हटलं. मॅनेजर उठले आणि काम दुसऱ्याकडे गेलं, त्याला मी काय करू? रंगाबद्दल तू तर एक शब्द बोलला नाहीस. तुकडा उचललास, तोंडाशी धरून उभा राहिलास. मला वाटलं, आता रडतोस की काय. मग घडी करून खिशात घातलास. गप्प राहिलास म्हणजे तुलाही ठाऊक होतं, असं मी धरून चालले आहे.

असो. आता माझं काम.

माणसाला जखम झाली की शरीर तिथे एक प्रथिन पाठवतं. ते आजूबाजूच्या पेशींना सांगतं की उठा, वाढा, भोक बुजवा. बांधकामावरच्या मुकादमासारखं. स्वतः वीट उचलायची नाही, नुसतं ओरडत फिरायचं. काही म्हाताऱ्या माणसांच्या जखमांत हा मुकादम पोचतच नाही, आणि जखम महिनोन्महिने तशीच राहते. त्यासाठी आम्ही एक पट्टी बनवतोय. जनावराच्या कातडीतल्या तंतूंपासून केलेली पारदर्शक, थलथलीत चकती. तिच्यात मुकादम भरायचा आणि ती जखमेवर ठेवायची. प्रश्न एवढाच, की तो त्या जेलीतून खाली किती वेगाने उतरतो. त्या वेगावरून औषधाची मात्रा ठरते. तो वेग मोजणं हे माझं काम.

आता मुकादम काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याला चमकणारा हिरवा रंग जोडतात. सगळी जेली हिरवी दिसते. मग सूक्ष्मदर्शकाखाली एका ठिपक्यावर प्रकाशाचा जबरदस्त झोत मारायचा, म्हणजे तिथला रंग मरतो. उन्हात पडदा विटतो तसा, फक्त क्षणात. हिरव्यात एक काळा ठिपका पडतो. मग घड्याळ लावून बसायचं. आजूबाजूचे रंगीत मुकादम सरकत आत आले की ठिपका पुन्हा हिरवा होतो. लवकर झाला तर ते पळतायत, उशिरा झाला तर रांगतायत.

माझा ठिपका अर्ध्या सेकंदात भरतो, दादा. अर्ध्या! साहेबांना एवढा आनंद झालाय की ते जिन्यात शीळ घालतात. आमच्या सूक्ष्मदर्शकाची राखण करणाऱ्या बाई आहेत, त्यांना सगळे भिंगबाई म्हणतात. त्या तेवढ्या म्हणाल्या, "अहो, हे साध्या पाण्यात पळतं त्याहून जोरात पळतंय. जेलीत असं कसं?" मी म्हटलं, "आमची जेलीच खास आहे." १८ मार्चला बैठक आहे. त्या दिवशी माझा आकडा जखमांच्या डॉक्टरांच्या हातात जाईल आणि महिनाअखेरीस पहिल्या माणसाला पट्टी लागेल. ती पहिली व्यक्ती म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. टाचेची जखम सात महिने भरत नाही. मला व्हरांड्यात भेटल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या ते, "ताठ उभी राहा."

तर मी हे करते. कळलं असेल अशी आशा आहे.

तुझी धाकटी बहीण
(डॉक्टर)


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र मिळालं. रंग धुतलास का?" तीन वर्षांनी पाच शब्द, आणि त्यातले दोन पोस्टखात्याच्या समाधानासाठी.

मी चार पानं लिहिली. मुकादम समजावून सांगितला. अर्धा सेकंद सांगितला. कोणी दुसरा भाऊ असता तर म्हणाला असता, "वा!" तू काय विचारलंस, तर रंग धुतलास का. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

मला कळतंय तू काय विचारतोयस. मीही त्याच दुकानात वाढलेय. कढईतून कापड काढलं की ते रंगलेलं दिसतं, पण त्यातला निम्मा रंग नुसता अंगावर बसलेला असतो, धरलेला नसतो. म्हणून एकामागून एक सात हौदांत धुवायचं. सातव्या हौदातलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन खिडकीशी धरायचं काम माझं होतं, कारण माझी उंची खिडकीएवढी होती. बाबा आतून ओरडायचे, "बारके, पाणी कसं?" आणि मी ओरडायचे, "पाण्यासारखं!" तोपर्यंत कापड दोरीवर जायचं नाही. एवढं मला आठवतं, दादा. माझं डोकं शिकून इतकंही धुऊन निघालेलं नाही.

पण हे कापड नव्हे. आमचं प्रथिन रंग जोडूनच येतं. कंपनी रंगवते, कंपनीच धुते, बर्फात घालून पाठवते. डबीवर छापलेलं आहे, "शुद्ध". मी ते गेले आठ महिने फ्रीजमध्ये जिवापाड जपलंय. रोज थोडं काढते, पुन्हा ठेवते. आता मी काय जगातल्या मोठ्या कंपनीचं काम पुन्हा धूत बसू? त्यांना काय सांगू, माझा दादा पडदे रंगवतो, त्याला शंका आहे?

तरी तुझं समाधान व्हावं म्हणून मी एक परीक्षा करणार आहे. तुझ्यासाठी नाही. पुढच्या पत्रासोबत निकालाचा फोटो जोडता यावा म्हणून. वहिनीला सांग, तो फोटो दुकानात, कुलपाच्या शेजारी लाव.

तुझी बहीण
(अजूनही डॉक्टर)


२ मार्च

दादा,

फोटो जोडलेला नाही.

हे पत्र वहिनीला वाचून दाखवू नकोस. वाचून झाल्यावर कुठे ठेवशील ते मला माहीत आहे, मोठ्या कढईमागच्या डब्यात. पण आज तिथेही ठेवू नकोस.

आमच्याकडे एक गाळणी असते. तिची भोकं इतकी बारीक, की सुटा रंग खाली पडतो आणि प्रथिन वरच अडतं. प्रथिनाला रंग नीट धरलेला असेल तर हिरवं सगळं वर राहायला हवं आणि खाली स्वच्छ पाणी यायला हवं. भिंगबाई जेवायला गेल्या होत्या. मी माझ्या लाडक्या डबीतलं प्रथिन गाळणीत घातलं, यंत्रात फिरवलं, आणि फोटोसाठी फोन हातात घेऊन तयार राहिले.

खाली सगळं हिरवंगार. वर पाणी.

मला वाटलं, मी नळी उलटी धरलीय. सुलटी करून पाहिली, मग पुन्हा उलटी करून पाहिली. मग नवी गाळणी घेतली. मग दुसऱ्या कंपनीची गाळणी घेतली. तिन्ही गाळण्यांचं एकमत झालं.

म्हणजे रंग तर सगळा सुटा झालेला. मग प्रथिन कुठे गेलं? डबीतली रिकामी झालेली प्लास्टिकची नळी साबणाच्या पाण्याने खंगाळून ते पाणी तपासलं. तिथे सापडलं. मुकादम आठ महिने नळीच्या भिंतीला चिकटून बसला होता. तो जेलीत कधी उतरलाच नाही. उतरला तो त्याचा हिरवा सदरा. आणि सदऱ्याला काय, वजन नाही, काम नाही, कोणाशी बोलायचं नाही, मग तो अर्ध्या सेकंदात पळणारच! आठ महिने मी एका सदऱ्याचा वेग मोजत होते, दादा. दशांश चिन्हापुढे तीन आकड्यांपर्यंत.

तेवढ्यात भिंगबाई जेवून आल्या. टेबलावर सहा हिरव्या नळ्या आणि त्यांच्या मागे मी. त्यांनी नळ्या बघितल्या, मला बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "मी काही बघितलं नाही. फक्त किती तारखेपर्यंत बघितलं नाही म्हणायचं ते सांगा. कॅलेंडरवर लिहून ठेवते."

मी म्हटलं, "अठरापर्यंत."

खरंच लिहून ठेवलंय त्यांनी. अठरा तारखेच्या चौकोनात, लाल पेनाने: "बघितलं."

तुझी बहीण


१० मार्च

दादा,

"साहेबांना सांगितलंस?" या वेळी दोनच शब्द. असाच कमी होत गेलास तर पुढचं कार्ड कोरं येईल.

नाही सांगितलं. पण प्रयत्न केला नाही असं म्हणू नकोस. मी तीनदा गेले.

पहिल्यांदा गेले तेव्हा साहेबांच्या टेबलावर खोकं होतं. ते म्हणाले, "या, या, तुमचीच वाट बघत होतो," आणि खोक्यातून एक कप काढून माझ्या हातात दिला. पांढरा कप, त्यावर निळ्या अक्षरांत "०.५ सेकंद". असे चाळीस कप केलेत त्यांनी. म्हणाले, "पाहुण्यांना देऊ. पहिला तुमचा." मी कप घेऊन परत आले. त्या कपात चहा प्यावासा वाटत नाही, आणि दुसऱ्या कपात प्यायले तर ते विचारतात.

दुसऱ्यांदा लिफ्टमध्ये गाठलं. मी म्हटलं, "साहेब, त्या आकड्याबद्दल थोडं—" ते सोबतच्या दोन पाहुण्यांना म्हणाले, "ऐकलंत? आकडा यांचाच. आणि अजूनही यांना थोडं सुधारायचंय!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लिफ्टमध्ये.

तिसऱ्यांदा मेल लिहिली. विषयाच्या जागी "थोडंसं" असं लिहिलं. मग खोडून "किंचित" केलं. मग सगळीच खोडली.

चौथ्यांदा मी गेले नाही, तर मुख्याध्यापिकाच आल्या. पट्टीआधीच्या तपासण्यांसाठी त्यांना बोलावलं होतं. काठी टेकत आमच्या काचेच्या दारापर्यंत आल्या, मला खुणेने बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "तू मोजतेस ना ते? मला डॉक्टरांच्या भाषेत नको, एका वाक्यात सांग. औषध जखमेपर्यंत पोचतं ना?"

मी म्हटलं, "पोचतं."

त्या म्हणाल्या, "शाबास," आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या. त्यांची टाच अजून उघडी आहे आणि त्या मला शाबास म्हणून गेल्या. मी ताठ उभी होते, एवढं मात्र खरं.

त्यानंतर मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. तिथे जे आठवलं ते मी तुला गेल्या तीन वर्षांत लिहिलं नाही, आणि या तीन पत्रांतही नाही. उलट पहिल्या पत्रात चक्क खोटं लिहिलंय. तेव्हा आता लिहिते. एका दमात लिहिते, म्हणजे मध्येच खोडता यायचं नाही.

त्या दिवशी तुझ्या दुकानात मी मारलं ते पाणी नव्हतं.

आमच्या टेबलावर दोन पिचकारीच्या बाटल्या असतात, अगदी सारख्या. एकीवर पेनाने लिहितो "पाणी", दुसरीवर "स्पिरिट". पण स्पिरिटचा थेंब ओघळला की पेनाची शाई पुसली जाते. म्हणून आमच्याकडे जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही ती बाटली नेहमी स्पिरिटचीच असते. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. त्या सकाळी मी घाईत होते, मला तुझ्या दुकानात जाऊन मॅनेजरसमोर मिरवायचं होतं. कोरी बाटली उचलली, पिशवीत घातली. वास आला नाही, कारण दिवसभर हात त्यात असतात, आमच्या नाकांना तो वास येणंच बंद झालंय. आणि वर तुझ्या दुकानात वाफ.

संध्याकाळी परत आले तर टेबलावर "पाणी" लिहिलेली बाटली जागच्या जागी उभी होती. मी पिशवीतली काढली, हातावर एक पिचकारी मारली. हात गार पडला. स्पिरिटने तर पाण्यात पक्के राहणारे रंगही सुटतात, दादा. तुझा डाळिंबी निघाला त्यात तुझा काय दोष? नाट्यगृहाचा पडदा कोण स्पिरिटने धुतं?

तेव्हाच फोन करायला हवा होता. मी म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी काम दुसऱ्याला दिल्याचं कळलं. मग म्हटलं, आता सांगून काय उपयोग. मग तू बोलत नव्हतास, आणि तू बोलत नाहीस याचा मी राग धरला. तो राग फार सोयीचा होता. तीन वर्षं पुरला. सातव्या हौदाचं पाणी बघणारी मुलगी मी, आणि मला पाणी ओळखता आलं नाही. ओळखता आलं तेव्हा सांगता आलं नाही.

माझं चुकलं, दादा. फार चुकलं. पहिल्या पत्रात म्हटलं होतं की हे माफीचं पत्र नाही. हे आहे.

अठराला काय करीन ते अजून माहीत नाही.

तुझी बहीण


२० मार्च

दादा,

दहा दिवस झाले, तुझं कार्ड नाही. कोरंसुद्धा नाही. तुझं बरोबर आहे. तरी परवा काय झालं ते सांगते, कारण ते विचारणारा तू पहिला होतास.

बैठकीची खोली भरलेली. प्रत्येकासमोर कप, प्रत्येक कपावर माझा आकडा. साहेबांनी सात मिनिटं माझं कौतुक केलं. जखमांच्या डॉक्टर वही उघडून बसल्या होत्या, मात्रा लिहायला. मी उठले. पडद्यावर चित्रं दाखवायची होती, ती दाखवलीच नाहीत. खिशातून गाळणी आणि नळी काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, "वरचं पाणी म्हणजे आपलं औषध जिथे असायला हवं होतं ते. खालचं हिरवं म्हणजे आपण मोजलं ते. हा नुसता रंग आहे. औषध नळीला चिकटून बसलं होतं. जेलीत ते कधी गेलंच नाही. माझा आकडा चूक आहे."

एका पाहुण्याने हळूच कप फिरवून आकडा भिंतीकडे केला.

साहेब म्हणाले, "हे कधी कळलं तुम्हाला?"

"सोळा दिवस झाले."

"आणि सोळा दिवस काय करत होतात?"

"हिंमत गोळा करत होते, साहेब. ती माझ्यात फार सावकाश पसरते."

कोणी हसलं नाही. भिंगबाईंनी तेवढी मान खाली घातली, त्यांचे खांदे हलत होते.

मग जखमांच्या डॉक्टरांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "मी याच आकड्यावर मात्रा ठरवणार होते. अगदी थोडी. खरा वेग किती?"

"माहीत नाही. नवं प्रथिन मागवून, धुऊन, पहिल्यापासून मोजावं लागेल. तीन आठवडे तरी द्या."

"देते. पण पट्टी लांबली हे मुख्याध्यापिकांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. मला त्यांची भीती वाटते."

मी सांगितलं, दादा. हेही सांगितलं, की "पोचतं" म्हणाले तेव्हा पोचत नाही हे मला माहीत होतं. त्या काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या. मग विचारलं, "चूक पकडली कोणी?"

"माझ्या दादाने. कापड रंगवतो. पोस्टकार्डावरून पकडली."

"आणि बाकीचे शिकलेले सगळे कुठे होते?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "आठ महिने थांबले, आणखी तीन आठवडे थांबते. पण पुन्हा मला 'पोचतं' म्हणशील तेव्हा पोचलेलं असू दे."

साहेब माझ्याशी फक्त कागदावर बोलतात. शोधनिबंधावर माझं नाव पहिलं होतं, ते आता शेवटचं आहे. जिन्यातली शीळ बंद झाली. कप परत गोळा केले, भिंगबाई त्यांत पेनं ठेवतात. मला आश्चर्य याचं वाटतं, की मला जेवण जातंय आणि झोप लागतेय.

नाट्यगृहाच्या मॅनेजरांनाही पत्र टाकलंय. त्यात स्पिरिट हा शब्द तीन ठिकाणी लिहिलाय, म्हणजे नजरेतून सुटायला नको. पडदा आता कोणाचाही असू दे, तुझा रंग कच्चा नव्हता हे त्यांना कळायला हवं. त्या पत्राची प्रत सोबत आहे. कढईमागच्या डब्यात ठेव किंवा टाकून दे.

तुझी बहीण


१२ एप्रिल

दादा,

आज सकाळी नवं प्रथिन मोजलं. या वेळी कंपनीच्या डबीवर विश्वास ठेवला नाही. हातात आल्या आल्या धुतलं, गाळलं, पुन्हा धुतलं. नळ्यांच्या भिंतींना आधी दुसरं एक साधं, स्वस्त प्रथिन पाजून ठेवलं, म्हणजे मुकादमाला चिकटायला जागाच उरू नये. गाळणीखालचं पाणी पेल्यात घेऊन खिडकीशी धरलं. भिंगबाईंनी विचारलं, "कसं आहे?" मी काय म्हटलं असेन ते तुला ठाऊक आहे. त्यांना वाटलं, कामाच्या ताणाने माझं डोकं फिरलंय.

मग ठिपका मारला. घड्याळ लावलं. अर्धा सेकंद झाला, काही नाही. पाच सेकंद, काही नाही. वीस सेकंदांनी कडा जराशी हिरवी झाली. आम्ही दोघी डोकं चिकटवून बघत बसलो. मुकादम वाटेत प्रत्येक तंतूला धरत, सोडत, पुन्हा धरत येत होता. बावन्न सेकंद लागले, दादा. पण आला. जखमांच्या डॉक्टर म्हणतात, सावकाश चालेल, मला फक्त खरं हवं होतं. मात्रा वाढवून पट्टी पुढच्या सोमवारी लागणार. मुख्याध्यापिकांना एका वाक्यात सांगून आले. या वेळी त्यांनी शाबास म्हटलं नाही. "बघू," म्हणाल्या. मला ते जास्त आवडलं.

आणि दुपारी तुझं पाकीट आलं. सगळं नीट पोचलं हे तुला कळावं म्हणून तुझीच चिठ्ठी इथे उतरवून काढते. खरं म्हणजे मला ती पुन्हा एकदा लिहून बघायची आहे:

"बारके, वास मला त्याच दिवशी आला होता. तुकडा तोंडाशी धरला तेव्हाच. मॅनेजरसमोर बोललो असतो तर नवी डॉक्टरीण तिथेच खाली बसली असती. म्हणून खिशात घातला. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. उशीर केलास. तुकडा पाठवतोय. पाण्याने बघ."

तीन वर्षं तुला माहीत होतं. पडद्याचं काम गेलं, गावभर बोलणी खाल्लीस, वहिनीलासुद्धा सांगितलं नाहीस. तू बोलत नाहीस म्हणून मी मनात तुला कच्च्या रंगाचा म्हणत होते आणि तू माझी अब्रू घडी करून खिशात घेऊन बसला होतास. जिन्यातल्या त्याच पायरीवर बसून मी रडले. भिंगबाई वरून गेल्या, खालून आल्या, आणि म्हणाल्या, "हेही बघितलं नाही का मी?"

मग उठले आणि बाटली घेतली. "पाणी" लिहिलेली होती, तरी हुंगली. भिंगबाईंना हुंगायला दिली. दोन घोट पिऊन बघितलं. डाळिंबी तुकड्यावर भरपूर मारलं, वर पांढरा रुमाल ठेवला आणि तळहाताने दाबून धरला, बाबा धरायचे तितका वेळ.

रुमाल पांढराच आहे. या पाकिटात घातलाय, तूही बघ.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने येतेय. कुलूप काढून ठेव.

तुझी
बारकी